दहा शीटांची भिंत

हिंगोलीतल्या त्या प्लायवूडच्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर लाल मार्करने लिहिलं होतं, 'आजचा भाव फक्त आज.' पंचवीस वर्षं मी शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहीत आले, पण इतक्या उर्मटपणे खरं बोलणारं वाक्य माझ्या खडूतून कधी उतरलं नाही. आठ महिन्यांत मी तो पुठ्ठा पाच वेळा वाचला आणि पाचही वेळा तो खरा निघाला. त्या पुठ्ठ्याचा मला अजूनही राग येतो.

मला काही बंगला बांधायचा नव्हता. टीव्हीच्या मागे चमकणारी भिंत नको होती, की स्वयंपाकघरात सरकणारे कप्पे नको होते. मला एकच भिंत हवी होती. डोंगरकडा गावातल्या आमच्या घरात पुढचा हॉल लांबलचक आहे. त्याचा एक तुकडा बोळाच्या बाजूला जातो आणि त्या बोळात उघडणारं एक जुनं दारही आहे. मध्ये आडवी भिंत घातली की पलीकडे एक स्वतंत्र खोली तयार होते, स्वतःच्या दारासकट. चौदा फूट रुंद आणि दहा फूट उंच भिंत. ती मला माझ्या आईसाठी हवी होती.

आई जवळा बाजार या गावी एकटी राहायची. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घर म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, एक बसायची आणि एक स्वयंपाकाची, आणि मागे एक गोठा, ज्यात जनावर उरलं नव्हतं. माझा एकुलता भाऊ पुण्यात. त्याच्याकडे ती एकदा गेली आणि आठव्या दिवशी पिशवी भरून परत आली. म्हणाली, "तिथं लिफ्टमधी मानूस मानसाकडं बघत न्हाई. मला न्हाई जमायचं." त्यानंतर एका सकाळी ती न्हाणीत घसरली आणि तासभर तिथंच पडून राहिली. आरडाओरडा केला नाही, शेजाऱ्यांनी आपल्याला तशा अवस्थेत बघू नये म्हणून. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की हिला इथे आणायचं.

आणायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आईने लेकीच्या घरी राहायचं नसतं. मला पहिलं लेकरू होईस्तोवर तिने माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. यायची तेव्हा पिशवीत स्वतःची बाटली असायची. लेकरू झाल्यावर जेवू लागली, पण मुक्काम कधी नाही. जेवली की साडेतीनच्या एसटीची घाई. चोवीस वर्षांत माझ्या घरात तिने एकदाही अंथरूण घातलं नव्हतं. मी चिडायचे, भांडायचे, आता असलं कोण मानतं म्हणून लेक्चर द्यायचे. ती ऐकून घ्यायची आणि चपला घालायची.

या वेळी मात्र ती एकदम नाही म्हणाली नाही. दोन दिवस विचार केला आणि फोनवर अट सांगितली.

"मधी भिंत घाल. दार माझं वेगळं पायजे. चूल वेगळी. आन् त्या भिंतीत दार ठिवायचं न्हाई."

"मधे दार नको? मग मी तुझ्याकडे येऊ कशी?"

"बोळातनं ये. कडी वाजव. सगळे येतेत तशी ये," ती म्हणाली. "मग मी तुझ्या घरी राह्यली असं व्हत न्हाई. तुझ्या शेजारी राह्यली असं व्हतं. आन् उद्या तुझं माझं न्हाई पटलं, तर माझ्या दारानं मी निघून जाईन. माझं घर हायेच की जवळ्याला."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. चोवीस वर्षांत जे भांडून जमलं नव्हतं ते एका भिंतीवर जमत होतं. मी म्हटलं, महिन्याभरात भिंत उभी करते. महिन्याभरात! ही माझी पहिली थाप, आणि तेव्हा मला ती थाप आहे हे माहीतही नव्हतं.

विटांची भिंत घालता येत नव्हती. गवंडी आला, त्याने फरशीवर टाच आपटून पाहिली आणि खाली काळी माती आहे, पाया नाही, वजन पडलं की फरशी बसेल असं सांगून चहा पिऊन गेला. मग सुतार आला. गावातलाच, वयाने माझ्यापेक्षा मोठा, बोलायला फटकळ. त्याने टेप लावली, कानावरची पेन्सिल काढून दाराच्या चौकटीवरच हिशेब मांडला.

"लाकडी फ्रेम घ्या. दोन्ही बाजूनं बारा एमएमचं प्लाय. दहा शीट लागतेत. वरून सनमायका." मग टेप गुंडाळत म्हणाला, "न्हाईतर पत्रा लावून टाका बाई. एका दिवसाचं काम हाय. सकाळी सुरू केलं की सांजच्याला भिंत उभी."

मला त्याचा राग आला. माझ्या हॉलमध्ये पत्रा? मी शाळेतली बाई, माझ्याकडे चार माणसं येतात, केंद्रप्रमुख येतात. आणि माझ्या आईला मी पत्र्याच्या आड ठेवू? मी त्याला जरा तोऱ्यातच सांगितलं, "माझ्या आईची खोली आहे ती, गोठा नाही." तो खांदे उडवून म्हणाला, "तुमची मर्जी." मी त्याच आठवड्यात सनमायकाचं पुस्तक आणून त्यातला फिकट बदामी रंग पसंतही करून ठेवला. त्या पानाचा कोपरा मी दुमडला होता.

रविवारी मी आणि माझा नवरा हिंगोलीला गेलो. दुकानदार तरतरीत, कानाला फोन चिकटलेला, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. भाव सांगितला. मला जरा जास्त वाटला, पण मी पर्स उघडायला लागले. तेवढ्यात नवऱ्याने माझा हात दाबला.

इथे माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. हा माणूस हळदीचा शेतकरी आहे, चांगला शेतकरी आहे, आणि पहिल्या दिवशीच्या भावाला कधीही हो म्हणत नाही. मार्केट यार्डात पहिल्या दिवशी हळद विकणारा माणूस त्याच्या लेखी बावळट. एका वर्षी सगळ्यांनी विकली आणि याने मागच्या खोलीत ठेवली, पुढे भाव चढला आणि याने विकली. ती गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली आहे. लग्नात, सावडण्याच्या जेवणात, एसटीत. त्याने दुकानदाराला ऐकू जाईल असं मला सांगितलं, "चढलेलं उतरतं. जरा दम धर."

दुकानदार हसला आणि त्याने पुठ्ठ्याकडे बोट केलं.

आम्ही दम धरला. मी धरला, हे कबूल करते, कारण मलाही वाटलं की थोडे पैसे वाचले तर खिडकीला जाळी लावता येईल. तीन आठवड्यांनी गेलो तर भाव वाढलेला. "का हो?" तर म्हणे गमचं केमिकल महाग झालं. पुढच्या खेपेला निलगिरीचं लाकूड महाग झालं. त्याच्या पुढच्या खेपेला ट्रकचं भाडं. मी विचारलं, मागच्या वेळचा हा माल तुमच्या गोदामात तेव्हाही होताच ना, मग त्याचं भाडं आता कसं वाढलं? तो म्हणाला, "मॅडम, वरूनच वाढून येऊन राहिलंय. आपल्या हातात काय हाय?" हे 'वर' नेमकं कुठे असतं ते मला कुणी सांगत नाही. तिथे कोण बसतं, त्याला पगार कोण देतं, त्याच्या आईला खोली आहे का, काही कळत नाही. फक्त तिथून भाव खाली येतो आणि आपण मान डोलवायची.

मी मग बाकीचं विचारून पाहिलं. सिमेंटची शीट, जिप्समचा बोर्ड, त्या नव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. सगळं वाढलेलं. प्लायचं केमिकल महाग झालं तर जिप्सम का वाढावा, हे मी एका दुकानदाराला विचारलं. तो शांतपणे म्हणाला की लोक प्लाय सोडून जिप्समकडे वळून राहिले म्हणून. म्हणजे आपण पळून जाऊ त्या वाटेवरही हे आधीच उभे.

परत येताना एसटीत नवरा खिडकीबाहेर बघत होता. कळमनुरी आली. मग म्हणाला, "आपुन हळद इकाया गेलो तरी भाव दुसराच सांगतो. काही घ्याया गेलो तरी दुसराच सांगतो. आपल्या तोंडातनं कधी भाव निघतच न्हाई." मला त्याच्यावर भडकायचं होतं, पण हे बराबर होतं. त्यामुळे मी आणखीच भडकले.

दर रविवारी संध्याकाळी आईचा फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं की शेवटी विचारायची, "भित आली का गं?" भिंतीला ती भित म्हणते. पहिल्यांदा मी सांगितलं, माल बघून आलो. मग सांगितलं, सुतार येऊन राहिलाय. मग एकदा, शाळेतल्या कामाने डोकं उठलं होतं आणि तिच्या आवाजात काहीतरी थकल्यासारखं होतं, तेव्हा मी बोलून गेले, "झालीच गं. थोडंसं काम राहिलंय." हॉलमध्ये तेव्हा एक खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. फोन ठेवल्यावर मी त्या रिकाम्या हॉलकडे बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण दुरुस्त केलं नाही.

चौथ्या खेपेला भाव ऐकल्यावर माझ्या नवऱ्याचा धीर सुटला. आणि धीर सुटलेला धीराचा माणूस फार वाईट. जो चार वेळा रिकाम्या हाताने परत आला, त्याने एका सकाळी मला न सांगता मागच्या खोलीतली सगळी हळद टेम्पोत भरली, यार्डात मिळेल त्या भावाला विकली आणि त्याच टेम्पोत दहा शीट घालून दुपारी दारात उभा. "आता वाढू दे किती वाढायचं ते," म्हणाला. चेहरा असा की लढाई जिंकून आलाय. मलाही आनंद झाला. मी शीटांवरून हात फिरवला. गुळगुळीत, ताज्या लाकडाचा वास, कोपऱ्यात निळा शिक्का, त्यावर पाणी लागणार नाही, कीड लागणार नाही असली सगळी वचनं.

पण सुतार नव्हता. तो नांदेडला कुठल्याशा शोरूमच्या कामावर गेला होता आणि दीड-दोन महिने येणार नव्हता. दुसरा सुतार घ्या म्हटलं तर नवरा म्हणाला, माल घरात आलाय, आता कशाची घाई? माल ठेवायचा कसा ते मला शिकवू नको.

आणि त्याने तो माल ठेवला. जसा त्याच्या बापाने ठेवला असता तसा. हळदीच्या रिकाम्या खोलीत मातीच्या जमिनीवर तुराट्या अंथरल्या, कारण आमच्याकडे हळदीची पोती तुराट्यांवरच ठेवतात, खालची ओल वर चढत नाही. तुराट्यांवर शीट आडवी रचली. मधून मधून कडुलिंबाचा पाला घातला. वरून ताडपत्री टाकली, दार लावून कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. मी एकदा विचारलं, "अहो, वाळवी लागणार नाही ना?" तर त्याने माझ्याकडे कीव करत पाहिलं. "या खोलीत? तीस वर्सांत या खोलीला उधई लागली न्हाई."

लागली नव्हती, कारण तीस वर्षं त्या खोलीत हळद होती. हळदीच्या वाटेला वाळवी जात नाही. गुण हळदीचा होता, आणि माझ्या शहाण्या नवऱ्याने तो खोलीच्या नावावर लावला होता. हे मला आता कळतं. तेव्हा मीही मान डोलावून शाळेत गेले.

नऊ आठवड्यांनी सुतार आला. चहा पिऊन त्याने हत्यारं मांडली. नवऱ्याने कमरेची किल्ली सोडून कुलूप काढलं. वरचं शीट दोघांनी उचललं, ते ठीक होतं. दुसरं उचललं, तेही दिसायला ठीक होतं. तिसरं उचलताना मध्येच वाकलं आणि सुताराच्या हातात फक्त वरचा पापुद्रा आला. आतून माती सांडली. खालच्या तुराट्या तर नावालाही उरल्या नव्हत्या, त्यांच्या जागी मातीच्या नळ्या होत्या आणि त्या नळ्यांमधून पांढरे किडे लगबगीने येत-जात होते. दहापैकी दोन शीट शाबूत निघाली.

नवरा खाली बसला आणि हाताने ती माती गोळा करायला लागला, जणू काही गोळा करून तिचं परत शीट होणार होतं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. सुतारासमोर बोलले. त्याच्या हळदीला बोलले, त्याच्या त्या एका वर्षाच्या गोष्टीला बोलले, जी मी दोनशे वेळा ऐकली होती. तो माती गोळा करतच राहिला. त्याने उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि निळ्या शिक्क्याचा तुकडा पिशवीत घालून एकटी हिंगोलीला गेले. काउंटरवर तो तुकडा आपटला. "हे काय आहे? कीड लागणार नाही असं छापलंय यावर."

दुकानदाराने तुकडा उलटा-सुलटा केला. "मॅडम, जमिनीवर ठिवलं होतं का?"

"तुराट्यांवर."

त्याने तुकडा माझ्याकडे परत सरकवला. मग हसू दाबत म्हणाला, "गॅरंटी लावलेल्या मालाची असती मॅडम. ठिवलेल्या मालाची न्हाई." मग आवाज मऊ करून म्हणाला, "आठ शीट लागतील ना? देतो. पर भाव आजचा."

भाव आजचा! ज्या पैशात पहिल्या रविवारी दहाच्या दहा शीट आली असती आणि वर खिडकीची जाळी, तेवढ्यात आता सात येत होती. मी त्याला सांगितलं की तुमचा हा पुठ्ठा काढा आणि त्याच्यावर सरळ 'लूट' असं लिहा, दोनच अक्षरं आहेत, मार्करही कमी लागेल. दुकानातली चार माणसं हसली. तोही हसला. माझं बोलणं त्याला कुठेच लागलं नाही आणि मी तशीच रिकाम्या हाताने परत आले. डेपोत बाकावर बसून मी त्या शिक्क्याच्या तुकड्याचे तुकडे करत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

त्या रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. फोन नवऱ्याने घेतला. मी आत येईपर्यंत तो बोलून मोकळा झाला होता. त्याला खोटं बोलता येत नाही, ही त्याची आणखी एक तकलीफ. "मामी, भित न्हाई झाली. समदं उधईनं खाल्लं. माझ्यानं चूक झाली," असं त्याने सांगून टाकलं होतं. मी फोन हातात घेतला. मला वाटलं ती विचारेल, मग तू काय सांगत होतीस? तिने नाही विचारलं. "असू दे," म्हणाली. "सोयाबीन काढून झालं का तुमचं?" आणि मग फोन ठेवला.

पुढचे दोन रविवार तिने भिंतीचं नाव काढलं नाही. मला ते विचारण्यापेक्षा जास्त बोचलं.

तिसऱ्या आठवड्यात सुट्टीचा दिवस होता. सकाळी नऊच्या सुमारास दारात छोटा टेम्पो थांबला. ड्रायव्हरच्या शेजारी माझी आई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर पितळी डबा. मागे गॅसची शेगडी, एक गाठोडं, तिची बाज, आणि दोरीने आवळून बांधलेले पत्रे. दहा फुटी, सात पत्रे.

मी धावत बाहेर गेले. "हे काय आणलंस?"

"भित," ती म्हणाली आणि ड्रायव्हरचा हात धरून खाली उतरली.

मी रस्त्यातच ओरडले. आई, असं काय करतेस, मी करणार होते ना, गाव बघतंय, लोक काय म्हणतील, लेक-जावयाला एक भिंत घालता आली नाही म्हणून म्हातारी स्वतःची भिंत घेऊन आली? ती माझं सगळं बोलणं होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "काहून वरडायलीस? पलाय आता काय भाव झालं?"

मी भाव सांगितला.

"मग? आनखी वाट बघायची का ते उतरायची? मला पंचाहत्तर झाली." मग टेम्पोकडे हात करून म्हणाली, "गोठ्याचे हायेत. निस्ते पडूनच व्हते. सुताराला बोलाव."

सुतार आला. त्याने पत्रे बघितले, मग माझ्याकडे बघितलं, आणि भलेपणाने नुसती टेप लावायला घेतली. आई खुर्ची टाकून बसली आणि एकेक पत्रा कुठल्या अंगाने लावायचा ते सांगू लागली. "ही बाजू माझ्याकडं. साफ बाजू लेकीच्या हालाकडं." संध्याकाळी दिवेलागणीला भिंत उभी होती. एका दिवसाचं काम. आईने बोळातलं दार आतून लावून घेतलं आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या छपराखाली बाज टाकली. रात्री जेवताना पत्र्यापलीकडून तिच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. नवरा जेवायचा थांबला आणि ऐकत राहिला.

आठ-दहा दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, खुशखबर. माल जरा उतरलाय. आठ शीट काढून ठिवू का?" नवरा समोरच होता, त्याला ऐकू गेलं. चढलेलं उतरतं, हे त्याच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं, आणि त्याने ते गिळलं हेही पाहिलं. मी दुकानदाराला काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेत शिकवते मी.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी बोळातून गेले, कडी वाजवली. "कोन हाय?" आतून आवाज. रोज विचारते, माहीत असूनही. मी म्हटलं, मी. "ये, बस." तिने चहा केला, तिच्या शेगडीवर, तिच्या साखरेचा. मी तिच्या बाजेवर पत्र्याला टेकून बसले आणि दुकानदाराला शिव्या घालत बसले. ती ऐकत होती आणि हसत होती. बरं वाटलं मला. खूप दिवसांनी बरं वाटलं.

घरी येऊन साडी बदलताना पाहिलं तर पाठीवर काळे पट्टे उमटलेले. फिकट पिवळी साडी, आणि तिच्यावर पत्र्याच्या खोबणींसारख्या सरळ काळ्या रेषा. मी वैतागून साडी भिजवली, साबण लावला. रेषा गेल्या नाहीत. गंज असता तर तांबडा असता. हे काळं होतं, तेलकट होतं. नाकाशी धरून पाहिलं. धूर, फोडणी, जिरं. मी त्याच वासात लहानाची मोठी झालेली होते.

गोठ्यात चूल नसते.

मी ओल्या हातांनीच बोळातून गेले. कडी न वाजवता दार ढकललं. पत्र्याच्या तिच्याकडच्या अंगावर, तिने राखेने घासूनही, प्रत्येक खोबणीत काजळी बसलेली होती. चाळीस-पन्नास वर्षांची. माझ्याकडे साफ बाजू आली होती.

"आई, हे गोठ्याचे नाहीत."

ती भांडी विसळत होती. "गोठ्याचे कवाच गंजून गेले," म्हणाली. "ह्ये सैपाकघरावरचे."

"मग स्वयंपाकघर?"

"उघडं हाय."

"मला खोटं काहून सांगितलं?" रागात मीही तिच्यासारखीच बोलायला लागले.

"तू न्हाई का सांगितलं? झालीच म्हून?" तिने भांडं पालथं घातलं. चिडून नाही, सहज. मग माझं तोंड बघून म्हणाली, "आगं, चुलीवरचं छप्पर काढलं म्हंजे काय, आतली खोली हाय की अजून. पर आता तिकडं जाऊन शिजवायचं कुठं, सांग बरं."

तिला जेव्हा वाटेल तेव्हा आपल्या दाराने निघून जाता यावं, एवढ्यासाठी तिने वेगळं दार मागितलं होतं. दार तिला मिळालं. जायला घर तिने स्वतःच्या हाताने उघडं केलं, माझ्या हॉलचा आडोसा व्हावा म्हणून.

मला राग आला. अजून आहे. त्या दुकानदाराचा आहे, त्या 'वर' बसलेल्याचा आहे, नवऱ्याच्या हळदीचा आहे. पण ही सगळी माणसं माझ्यानंतर येतात. पहिल्याच दिवशी, भाव चढायच्या आधी, सुताराने मला सांगितलं होतं, पत्रा लावून टाका बाई, सांजच्याला भिंत उभी. मी हो म्हटलं असतं, तर भिंत आज आहे तशीच पत्र्याची झाली असती, आणि जवळ्याला माझ्या आईच्या चुलीवर छप्पर असतं.